वर्गात नोटा ओळखतो, दुकानात गप्प उभा राहतो. मूल्यमापनात काय लिहू?

पेठेतली_बाई यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापुरात बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत शिकवते. पूर्व-व्यावसायिक गट माझ्याकडं आहे. वय १५ ते १८, पटावर अकरा जण, रोज येणारे आठ-नऊ. आधीची सहा वर्षं प्राथमिक गटाला होते. तिथं गाणी म्हटली, चित्रं चिकटवली, मणी ओवले की दिवस जायचा. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की कपाटातलं निम्मं साहित्य ससा-कासवाचं आहे आणि समोर बसलेल्यांना मिसरूड फुटलंय.

प्रश्न एका मुलावरून सुचला. त्याला इथं पैलवान म्हणते. वय १६, डाउन सिंड्रोम. रोज सकाळी आजोबांबरोबर तालमीत जाऊन बसतो आणि कपाळाला लाल माती लावून शाळेत येतो. खासबागेत कुस्त्या झाल्या की दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला कसं चितपट केलं ते वर्गात करून दाखवतो. चितपट होणारी बहुतेक वेळा मीच असते.

जूनमध्ये त्याचा वर्षाचा वैयक्तिक आराखडा केला तेव्हा वार्षिक ध्येयात लिहिलं, ‘शंभर रुपयांपर्यंतचे व्यवहार करतो.’ सुरुवातीला शाब्दिक मदत लागायची. दुसऱ्या तिमाहीला नोटा ओळखणं, लहान-मोठ्या क्रमानं लावणं, सांगितलेली रक्कम मोजून देणं, तिन्ही बाबींपुढं मी अधिकचं चिन्ह केलं, म्हणजे मदतीशिवाय जमतं. मी खूश, आजोबा खूश.

गेल्या गुरुवारी स्वयंपाकाच्या तासाला मिसळ करायची होती. ब्रेड आणायला पैलवानला समोरच्या दुकानात पाठवलं, मी चार पावलं मागं. हातात दहाच्या पाच नोटा दिल्या होत्या. दुकानदारानं पुडा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, “पस्तीस.” पोरगा हाताकडं बघत उभा. “दे की रे, पस्तीस.” तेवढ्यात मागं दोन गिऱ्हाइकं आली, एकानं काउंटरवर किल्ली वाजवली. पैलवाननं मूठ उघडली, सगळ्या नोटा तिथं टाकल्या आणि ब्रेड न घेताच माघारी वळला. दुकानदार भला माणूस, “असू दे बाई, मी बरोबर घेतो” म्हणून उरलेले पैसे आणि ब्रेड माझ्याच हातात दिले.

येताना तो माझ्यापुढं चालत होता, बोलेना. वर्गात आल्यावर त्यानं खेळण्यातल्या नोटांचा डबा काढला, तीन दहाच्या नोटा आणि एक पाचचं नाणं मोजून माझ्या टेबलावर ठेवलं. बरोबर पस्तीस. आणि माझ्याकडं बघत बसला.

आता तिसऱ्या तिमाहीचा रकाना भरायचाय. अधिक करावं तर खोटं, उणे करावं तर तेही खोटंच. वर तपासणीला येणाऱ्यांना ‘अधिक’ची खूण झालेल्या बाबींचे टक्के चढते लागतात. मागं एका मुलीला मोठी फिट येऊन गेल्यावर तिच्या काही गोष्टी खरोखरच गेल्या, मी टक्के खाली आणले, तर “पोरं मागं कशी काय जातात बाई?” असं ऐकावं लागलं. तुम्ही लोक काय लिहिता? आणि पाठ आखताना बाहेरचं कसं बसवता? पाऊण तासाच्या तासात नऊ जणांना घेऊन रस्ता ओलांडणं मला तरी जमत नाही.

---

निवृत्त_पण_गप्प_नाही

बाई, आधी मला सांगा, त्या डब्यातल्या नोटा लॅमिनेट केलेल्या आहेत का? माझ्या होत्या. बारा वर्षं मी त्याच वापरल्या. मग एकदा एका मुलीला खरी दहाची दिली, चुरगळलेली, मधोमध टेप लावलेली, तर तिनं ती केराच्या टोपलीत टाकली. तिच्या मते पैसे चकचकीत असतात आणि घडी होत नाहीत. हे तिला मीच शिकवलं होतं.

आता तुमच्या पैलवानाचं. ‘सांगितलेली रक्कम मोजून देतो’ ही एक बाब तुम्ही तपासली. दुकानात त्याला काय काय करावं लागलं ते मोजा. दुकानात शिरणं, पाळी येईपर्यंत थांबणं, वस्तू मागणं, किंमत ऐकणं, ऐकलेली डोक्यात धरणं, पैसे काढणं, मोजणं, देणं, वस्तू उचलणं, सुटे घेणं, खिशात ठेवणं. अकरा झाली. तो पाचव्याला अडकला, म्हणून पुढची सहा दिसलीच नाहीत. डबा काढून त्यानं तुम्हाला तेच सांगितलं की, बाई, मोजता येतं मला. मी तर म्हणतो त्या दिवशी मूल्यमापन त्यानंच केलं, आपल्याला ते वाचता आलं पाहिजे.

रकान्याचं सांगतो. एफएसीपीत, म्हणजे आपण मूल्यमापनाला वापरतो त्या तपासणी सूचीत, अधिक आणि ‘नाही’ यांच्या मधल्या खुणा कशाला आहेत? अधूनमधून इशारा, शाब्दिक मदत, शारीरिक मदत. आणि शेवटी एक खूण आहे जी सगळ्या महाराष्ट्रात मी फार तर दोन-तीन वह्यांत वापरलेली पाहिली असेल, ‘संधी मिळालेली नाही’. खऱ्या दुकानात, खऱ्या नोटांनी, मागं माणसं उभी असताना पैसे देणं ह्याची संधी जूनपासून त्याला कितीदा मिळाली? ती खूण मुलाबद्दल काहीच सांगत नाही, आपल्याबद्दल सांगते. म्हणून ती कुणी करत नाही.

मी शेवटच्या काही वर्षांत एका बाबीच्या दोन ओळी करायचो. ‘वर्गात, खेळण्यातले पैसे’ एक आणि ‘दुकानात, खरे पैसे’ दुसरी. टक्के काढताना दुसरीच धरायचो. ८० टक्के झाले की मूल वरच्या गटात ढकलायचं असतं ना, मग ते ८० कुठले हे बघायला नको? पहिल्या वर्षी माझ्या गटाचे टक्के धाडकन पडले. साहेबांनी विचारलं, मी म्हटलं दुकानात चला. आले नाहीत, पण पुन्हा विचारलंही नाही.

फिट आलेल्या मुलीचं तुम्ही केलंत ते बरोबर. तारीख आणि कारण शेजारी लिहून ठेवा, एवढंच.

आणि ससा-कासव जाळून टाका. (जाळू नका, प्राथमिकला द्या.)

---

गणिताचा_मास्तर

मी विशेष शिक्षक नाही. गडहिंग्लजकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. पण ‘पाचव्या पायरीला अडकला’ हे वाचून राहवेना.

तुमचा मुलगा पैशाला नाही, ‘पस्तीस’ ह्या शब्दाला अडकलाय असं मला वाटतं. आपल्या भाषेत आकडे उलटे बोलतात. आधी पाच, मग तीस. लिहिताना आधी तीन, मग पाच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. मीही स्टाफरूममध्ये चेष्टा करणाऱ्यांत होतो. दोन वर्षांनी आठवीत एक अध्ययन अक्षम मुलगी आली. पस्तीस म्हटलं की ५३ लिहायची, अठ्ठेचाळीस म्हटलं की ८४. सगळे म्हणायचे लक्ष नाही. लक्ष होतं. ऐकलं त्या क्रमानं लिहीत होती, आमच्यापेक्षा इमानदारीनं.

दुकानदार काही ‘तीस पाच’ म्हणणार नाही. म्हणून मी तिला शब्दाची शेपूट पकडायला शिकवलं. पस्तीस, छत्तीस, अडतीस, शेपटीला ‘तीस’. बावीस, सव्वीस, ‘वीस’. बेचाळीस, सत्तेचाळीस, ‘चाळीस’. पुढं काय आहे ते सोडून द्यायचं. शेपटीइतक्या दहाच्या नोटा काढायच्या आणि वर एक जास्त. पस्तीसला तीन अधिक एक, चार नोटा. सुटे परत येतात. पाचचं नाणं शोधत बसायचं नाही.

मला ह्यात आवडलं ते असं की चूक झाली तरी हा हिशेब सांभाळून घेतो. ‘एकोण’वाले आकडे फसवे. एकोणतीसची शेपूट तीस, पण रक्कम विशीतली. मूल तीन अधिक एक चार देईल, पाहिजेत तीनच. बिघडलं काय? अकरा रुपये परत येतील. कमी पडणार नाहीत, दुकानात उभं राहून लाजायला होणार नाही.

पन्नाशीच्या पुढं मात्र शेपूट बिघडते. बावन्न, त्रेपन्न, छप्पन्न, मग एकसष्ट, पुढं एकाहत्तर. तिथं ‘पन्नास’, ‘साठ’, ‘सत्तर’ नीट ऐकूच येत नाहीत. म्हणून पहिली सहामाही पन्नासच्या आतच राहू द्या. शंभरचं ध्येय कागदावर छान दिसतं, बाकी काही नाही.

आमच्याकडचं मूल्यमापन सोपं म्हणायचं. दहावीला लेखनिक, तासाला वीस मिनिटं जादा वेळ, भाषेची सूट, असं जे कायद्यानं मिळतं त्याचे कागद वेळेत विभागीय मंडळाकडं गेले की झालं. बहुतेक वेळा पेपर तोच राहतो. तुम्हाला पेपरच रोज नवा काढावा लागतो.

---

फुलेवाडीची_आई

माझा मुलगा १७ वर्षांचा, स्वमग्न. इथं बहुतेक शिक्षक लिहितात म्हणून मी नुसतं वाचते, आज लिहितेय.

पहिलं म्हणजे बाई, चार पावलं मागं उभं राहू नका. सगळ्या गल्लीला कळतं की ह्याच्यामागं कोणीतरी उभं आहे. माझा मुलगा मी मागं असले की दुकानदाराकडं बघतच नाही, माझ्याकडं बघतो. मी पलीकडच्या चहाच्या गाड्यावर जाऊन पाठमोरी उभी राहते आणि मोबाइलच्या काळ्या काचेत बघते. हसू नका.

दुसरं, नोटा शिकवताय ते ठीक आहे, पण आता दुकानात नोटा देतं कोण? आमच्याकडं माझा जुना फोन आहे. त्यात यूपीआय लाइट घातलंय, थोडेच पैसे ठेवते, पिन लागत नाही. स्कॅन करतो, आकडा दाबतो. त्याला ते पेटीतून येणारं ‘पैसे मिळाले’ फार आवडतं. ते ऐकल्याशिवाय हलतच नाही. एकदा दुकानदाराची पेटी बंद होती. वीस मिनिटं उभा. दुकानदार सांगतोय आले रे पैसे, जा, तर हा जागचा हलेना. शेवटी त्या भल्या माणसानं स्वतःच बाईचा आवाज काढून म्हटलं, “पंचवीस रुपये प्राप्त झाले.” मग गेला. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?

तिसरं जरा मनातलं. ह्या आधीच्या शाळेतून (नाव घेत नाही) सहा वर्षं प्रगतिपत्रक आलं. सहाही वर्षं त्यात ‘रंग ओळखतो’ होतं. पहिल्या वर्षी मी फ्रिजवर लावलं होतं. सहाव्या वर्षी मी बाईंना विचारलं, ओळखून पुढं काय करायचं? माझ्या मुलाला मिशी आली, आवाज फुटला, तो रंगच ओळखतोय. मला पाहिजे होतं की गॅसचा खटका बंद करता यावा, आतून कडी लावली तर काढता यावी, आणि कुणी अंगाला हात लावला तर ‘नको’ म्हणता यावं. ती तीन मी घरीच शिकवली. दोन जमली.

पुढच्या वर्षी अठरा होतील. मग कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करायचाय. सल्ला देणारे सगळे म्हणतात त्याला काय येत नाही ते लिहून आणा. बारा वर्षांत काय येतं ते कुणी धड लिहिलं नाही, आता येत नाही ते मात्र सगळ्यांना भराभर सुचतंय.

---

पेठेतली_बाई

आई, तुमचं वाचून मी कालपासून गप्प आहे. माझ्या कपाटातल्या जुन्या वह्यांत ‘रंग ओळखतो’ किती आहेत ते मोजायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं.

सर, हो. लॅमिनेट केलेल्याच आहेत.

फोनचं पटतं, पण माझ्या अकरा जणांत फोन दोघांच्याच हातात असतो आणि तोही गाणी ऐकायला. पैलवानचे आजोबा अजून पाकिटात नोटा घडी घालून ठेवतात, तोही तसंच करतो. त्याचं घर नोटांवर चालतं, म्हणून त्याला नोटा. ज्या दोघांकडं फोन आहे त्यांच्या आराखड्यात मी स्कॅन लिहिणार. आत्तापर्यंत सगळ्यांना एकच ध्येय चिकटवलं होतं, कारण एकदा टाइप केलं की नाव बदलून चालतं. कबूल करते.

---

किराणा_काउंटर

मी राजारामपुरीत दुकान चालवतो. माझा धाकटा भाऊ अशाच शाळेत होता, आता दुकानात पुड्या बांधतो, माझ्यापेक्षा नीट बांधतो. म्हणून ह्या गटात आलोय.

बाई, दुकानदाराच्या बाजूनं सांगतो. तुम्ही पोराला पाठवताय हे आम्हाला आधी कोण सांगणार? आम्ही काय करतो, पोर अडलं की दया येते, मुठीतले पैसे काढून घेतो, सुटे खिशात घालतो, जा म्हणतो. चांगलं केल्यासारखं वाटतं. पण पोराला काय घंटा कळलं? आम्हाला सांगून ठेवा की एवढा वेळ थांबा, मध्ये बोलू नका, हात लावू नका. थांबतो आम्ही.

सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर आणू नका. साडेअकरा ते साडेबारा निवांत असतंय.

आणि एक सोपी गोष्ट. म्हातारी माणसं ऐकू येत नाही म्हणतात तेव्हा आम्ही कॅल्क्युलेटर फिरवून दाखवतो. पोराला सांगा, ‘दाखवा’ म्हण. बस, एक शब्द. कुठलाही दुकानदार दाखवतो. मास्तर म्हणतात ती शेपटीबिपटी लई भारी आहे, पण आकडा डोळ्यासमोर आला तर कशाला पाहिजे?

---

इचलकरंजीची_ताई

मुद्दा थोडा बाजूला नेते. ह्याच वयाच्या मुलींच्या आराखड्यात पाळी कुणी लिहितं का? आमच्या गटात पाच मुली. तपासणी सूचीत एक ओळ असते आणि तिच्यापुढं सगळ्या शाळांत ‘आई करते’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. आई कायम कुठं असणार?

आम्ही पॅड चड्डीला लावणं, काढणं, कागदात गुंडाळणं आणि डब्यात टाकणं हे कोरड्या दिवसांतच शिकवतो, लाल शाईचा ठिपका टाकून. चड्डीवर पॅडच्या आकाराची शिलाई मारून घेतलीय, त्या रेघेत बसवायचं. शेवटून सुरुवात करतो. आधी फक्त डब्यात टाकणं तिचं, बाकी सगळं आमचं. मग गुंडाळणं. तपासायचं मात्र आम्ही नाही. दार बंद असतं आणि बंदच राहिलं पाहिजे. खुणा घरी आई करते, कॅलेंडरवर, तीनच चिन्हं. महिन्याला चार-पाच दिवसच मोजायला मिळतात, म्हणून तिमाहीत काही दिसत नाही, वर्षानं दिसतं. एका मुलीला दीड वर्ष लागलं. टक्क्यांत ती एक ओळ आहे, घरात तिच्या आईची नोकरी त्यावर टिकली.

---

पेठेतली_बाई (तीन आठवड्यांनी)

सांगायला आले.

वेळापत्रक मोडलं. मंगळवारी आणि गुरुवारी साडेअकराला दोनच मुलं बाहेर जातात, बाकीची मावशींकडं पुड्या आणि पाकिटं करायला बसतात. म्हणजे एका मुलाचा नंबर दोन-तीन आठवड्यांनी येतो. पैलवानचा मी वशिल्यानं जवळजवळ दर वेळी लावला. हे बरोबर नाही, पण पद्धत जमते का ते आधी एकावर बघायचं होतं.

लॅमिनेटच्या नोटा प्राथमिकला दिल्या. आमच्याकडं आता खऱ्या दहाच्या वीस नोटा आहेत, शाळेच्या किरकोळ खर्चातून, पावतीसकट. मुद्दाम जुन्या मागून घेतल्या. दुकानदाराला जाऊन भेटले. त्यांना सांगितलं की मनात वीसपर्यंत मोजा, मग किंमत परत एकदा सांगा, त्यापुढं काही करू नका. ते म्हणाले, “एवढंच होय? आधी सांगायचं की.” मी पलीकडं झेरॉक्सच्या दुकानात उभी राहते, पाठमोरी. आई, काळी काच खरंच चालते.

अकरा पायऱ्यांचा तक्ता एका कागदावर केलाय. वर तारीख, जागा आणि मागं किती गिऱ्हाइकं होती ते. हा शेवटचा रकाना माझ्या मनानं घातला आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला. पैलवान पाच वेळा गेला. मागं कुणी नव्हतं तेव्हा तीनदा चार नोटा बरोबर दिल्या आणि सुटे घेतले. एकदा मागं बायकांचा घोळका होता, तेव्हा पैसे काढलेच नाहीत, ब्रेड हातात धरून उभा राहिला. वीसपर्यंत मोजून दुकानदारांनी परत सांगितलं, तरी नाही. मी गेले नाही. जीव खालीवर होत होता. शेवटी त्यानं ब्रेड ठेवला आणि रिकाम्या हातानं परत आला. पण ह्या वेळी पैसे तिथं टाकले नाहीत, खिशातच होते. हे मी तक्त्यात कुठं लिहू ते कळेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं.

पाचव्यांदा दुसऱ्या दुकानात नेलं. तिथं किंमत एकोणचाळीस निघाली. मास्तर, तुमची शेपूट! त्यानं चाळीस ऐकलं आणि पाच नोटा दिल्या. अकरा रुपये परत आले. रस्ता ओलांडून आला तो थेट माझ्यापुढं मूठ उघडून म्हणाला, “बाई, लई आलं.” त्याला वाटलं दुकानदार चुकला. परत द्यायला निघाला होता. ‘दाखवा’ अजून म्हणत नाही, लाजतो. दुसरी एक मुलगी मात्र आता सगळीकडं ‘दाखवा’ म्हणते, परवा दवाखान्यात डॉक्टरांनाही म्हणाली.

तिमाहीचा रकाना असा भरला: वर्गात स्वतंत्र; दुकानात मागं कुणी नसताना अधूनमधून इशारा; गर्दीत ‘नाही’. ज्यांचा नंबर अजून आलाच नाही त्या सहा जणांपुढं ‘संधी मिळालेली नाही’ लिहिलं. लिहिताना हात जड झाला. टक्के पडले. तपासणी अजून यायचीय, तेव्हा काय होतं ते कळवते.

आता नवीन भानगड. परवा केएमटीच्या, म्हणजे शहराच्या बसनं सगळ्यांना रंकाळा तलावावर नेलं. वाहकानं तिकीट वीस सांगितलं. पैलवाननं दोन अधिक एक, तीन नोटा दिल्या. वाहकानं एक परत केली. ह्यानं ती पुन्हा त्याच्या हातात दिली. वाहकानं पुन्हा परत केली. असं चारदा. शेवटी वाहक माझ्याकडं बघून म्हणाला, “बाई, तुमचं पोरगं मला टिप द्यायलंय.” सगळी बस हसली, पैलवानही हसला. आता ‘नेमके’ कुठं आणि ‘एक जास्त’ कुठं हे त्याला कसं सांगू?

---

निवृत्त_पण_गप्प_नाही

नियम सांगू नका, गोंधळ होईल. खिसे वेगळे करा. दुकानाचे पैसे पँटच्या खिशात. बसचे शर्टाच्या खिशात, तिथं घरूनच नेमके घालून पाठवायचे, मोजायचंच नाही, आहे ते सगळं वाहकाला द्यायचं. आजोबांना सांगा.

गर्दीत पैसे खिशातच ठेवले ते मागच्या बाजूला नको, पुढं लिहा. तारीख घालून.

---

पेठेतली_बाई

गणवेशाच्या शर्टाला खिसा आहे, पण तो शिवून बंद केलाय. मागं त्यात माती भरून आणायचा, तालमीतली. आजोबांना उसवायला सांगते.